लवंगतेलाची ती बाटली

"ज्यांनी मासे मारले, ते हेच का?"

बापू, तुमच्या उत्तरकार्याच्या, गंधमुक्तीच्या दिवशी कोसाडला तुमच्या बिल्डिंगखाली मांडव होता आणि मी चपलांच्या ढिगाशेजारी उभी होते. माझ्यापासून दोन हातांवर एक गृहस्थ आपल्या माशांच्या फार्मवरच्या ड्रायव्हर हसमुखभाईंना हे विचारत होते. गावाकडून आलेले तुमचेच कोणी नातेवाईक असावेत. त्यांच्या आवाजात वाईटपणा नव्हता. लग्नात एखादा विचारतो ना, बँकेत आहे तो हाच मुलगा का, तसंच विचारलं त्यांनी.

हसमुखभाई एरवी गाडी चालवताना आणि चालवत नसताना सारखंच बोलतात. त्या दिवशी ते जमिनीकडे बघत म्हणाले, "जवा दो ने हवे. माणस ज गयो."

जाऊ द्या आता, माणूसच गेला. म्हणजे मासे तुम्ही मारले हे खरंच, फक्त आता त्यावर बोलायचं नाही. तुमच्याबद्दल ही एवढी एक गोष्ट अमळनेरच्या पलीकडच्या तुमच्या गावापर्यंत पोचली होती.

मी खाली वाकून माझ्या चपला नीट लावत बसले. तुम्हाला याचं नवल वाटणार नाही.

तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं. कतारगामला वीस-बावीस वर्षं कापडाच्या लूमवर काढल्यानंतर तुमचे कान अर्धेच उरले होते. ज्या मुलीला वर्गात "प्रेझेंट मिस" म्हणतानाही घाम फुटायचा, तिच्या वाट्याला नेमके तुम्ही आलात. शेडमध्ये हवेचे पंप घरघरत असायचे. मी तुम्हाला काही सांगितलं की ते आधी हसमुखभाईंना ऐकू जायचं, मग जाळीवाल्यांना, आणि शेवटी तुम्हाला. म्हणून मी खुणा करायला लागले. एक बोट म्हणजे टबात औषधाचं एक टोपण. तळहात उलटा केला की मासा काढा. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आमची मॅडम अन् मासा सारखेच. तोंड हलतं, आवाज नाही येत." सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवशी डबा खाताना तुम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या सँडविचवर ठेवलात आणि दुसरीकडे बघायला लागलात.

मी बारडोली रोडवरच्या त्या फार्मवर आले तेव्हा माझ्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचं एक काम होतं आणि एक स्टॉपवॉच. मासा वजन करायला, तपासायला, टोचायला हातात घेतात तेव्हा तो शांत राहावा म्हणून पाण्यात लवंगतेल घालतात. ते किती घालायचं, हे मला ठरवायचं होतं. कमी पडलं तर मासा उसळतो, खवले निघतात, आठवड्याने त्या जागी बुरशी धरते. जास्त झालं तर कल्ल्यांची हालचाल थांबते आणि तो परत उठत नाही. मधली जागा शोधायची. ती बोटाएवढ्या पिल्लाची वेगळी, तीन किलोच्या मादीची वेगळी. थंडीतली वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी.

तुम्ही पहिल्या दिवशी टबात वाकून बघितलंत आणि विचारलंत, "मॅडम, याले झोपाडीसनी काय करशात?"

माझी आई घरात अहिराणी बोलू देत नाही. तिचं म्हणणं, इंग्लिश मीडियमला एवढी फी भरली ती यासाठी नाही. पण मला समजतं सगळं. मी हळू आवाजात म्हटलं, त्याला त्रास होऊ नये म्हणून. तुम्ही कानामागे हात नेलात. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा मी ओरडले, "त्रास होऊ नये म्हणून!" आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला बसलेले फार्मचे प्रमुख, आपले सर, वळून बघायला लागले.

"आम्ही ओला टॉवेल टाकतो डोळ्यांवर," तुम्ही म्हणालात. "गप पडतो बिचारा. त्याला काय दारू पाजायची?"

आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि ते संपलेलंच नाही. मी माझा तक्ता दाखवायचे. मासा कलंडला इतक्या सेकंदांत, शेपटीला चिमटा काढला तर हलला नाही, ताज्या पाण्यात सोडल्यावर इतक्या मिनिटांत सरळ झाला. "म्हणजे त्याला दुखत नाही," मी म्हणायचे.

तुम्ही डाव्या हाताची करंगळी पुढे करायचात. तिचं टोक नव्हतं. "हे लूममध्ये गेलं तेव्हा मी हललो नाही. हललो असतो तर पंजा गेला असता. मग मला दुखलं नाही का? हलत नाही म्हणजे दुखत नाही, हे तुला सांगितलं कोणी? माशानं?"

मी म्हटलं होतं, वाचून सांगते. वाचलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं सापडलं. तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही बरोबर होता की नाही ते मला अजून माहीत नाही, पण तुमचा प्रश्न बरोबर होता हे तेव्हाच कळलं होतं. ते सांगायला काय हरकत होती?

आणि माझा तो तक्ता तरी माझा कुठे होता? मासा पाण्यात असताना पोटाखाली हात कसा न्यायचा, की तो आपल्याला ओंडका समजेल, हे तुम्ही दाखवलंत. आदल्या दिवशी खाद्य बंद करायचं, नाहीतर टबात घाण करून स्वतःच गुदमरतो, हे तुम्ही सांगितलंत. मी स्टॉपवॉच धरून कल्ले मोजायचे आणि मध्येच चुकायचे. तुम्ही पायाने ठेका धरायचात, लूमचा ठेका, आणि नुसतं बघून म्हणायचात, "आता एक ठोका मागे पडला. काढ." मी घड्याळ बघायचे. तुमचं बरोबर असायचं. ज्या डिसेंबरमध्ये माझे आकडे पहिल्यांदा जुळून आले, त्या डिसेंबरमध्ये मी घरी जाऊन आईला सांगितलं की मला जमलं. "मला" म्हणाले मी.

आता ती गोष्ट. तुमच्याजवळ ती मी एकदाही सरळ काढली नाही.

लवंगतेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. म्हणून आधी ते स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवायचं. एक भाग तेल, नऊ भाग स्पिरिट. ती तपकिरी बाटली मी भरायचे, आणि तुम्ही तिच्या टोपणाने मोजून टबात टाकायचात. मोठ्या टबाला एक टोपण. ही पद्धत मीच घालून दिली होती, कारण टोपण चुकत नाही.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी स्पिरिट संपत आलं होतं. नवा कॅन सोमवारी दुपारी यायचा होता. मी उरलेल्या स्पिरिटमध्येच नेहमीएवढं तेल घातलं. बाटली अर्धी भरली, पण औषध दुप्पट कडक. म्हणजे आता टबाला अर्धं टोपण. मी लेबलवर ते इंग्रजीत लिहिलं, व्यवस्थित, अधोरेखित करून. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं हे मला माहीत होतं. चौथीपर्यंतचं मराठी तुम्ही अगदी घडाघडा वाचायचात, वर्तमानपत्राच्या सुटलेल्या पानांवरच्या जाहिरातीसुद्धा. दोन शब्द मराठीत लिहिले असते तर पुरलं असतं. माझा हात आपोआप इंग्रजीत जातो, एवढंच. तुम्हाला सांगायला शेडमध्ये आले तर तुम्ही पलीकडच्या टाकीवर सगळ्यांमध्ये बसून कोणाची तरी नक्कल करत होता. इथून हाक मारली असती तर सगळे गप्प होऊन माझ्याकडे बघायला लागले असते. म्हटलं, सोमवारी सांगू.

सोमवारी सकाळी सरांबरोबर दोन पाहुणे होते. पैदाशीसाठी ठेवलेल्या रोहूच्या सात माद्या तपासायच्या होत्या, अंडी कुठवर तयार झालीत ते बघायला. मी शेडच्या त्या टोकाला पाण्याचं तापमान लिहीत होते. मान वर केली तर तुम्ही बाटली उघडून टोपण भरत होता. काठोकाठ. तुम्ही क्षणभर थांबलात, बाटली नाकाशी नेलीत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "आज वास भलता ये राहिना, मॅडम." मग स्वतःच मान हलवलीत. "तू बनवलंय ना? मग बरोबर असेल."

आणि टोपण टबात उपडं केलंत.

बापू, मी ओरडू शकत होते. मला ओरडता येतं. तुम्हीच शिकवलं होतं. पण सर बोलत होते, पाहुणे ऐकत होते, आणि मी मनातल्या मनात हिशोब केला. दुप्पट आहे, पण लवकर काढलं तर चालतं, मी करून बघितलंय. करून बघितलं होतं ते डिसेंबरच्या थंड पाण्यात, बोटाएवढ्या पिल्लांवर. मी हातातल्या वहीत नुकतंच जे तापमान लिहिलं होतं, त्याचा विचार त्या हिशोबात नव्हता.

मी चालत तुमच्या टबापाशी आले. पळत नाही, चालत. तोवर माद्या टबात गेल्या होत्या आणि पाहुण्यांना त्या दाखवत सर समजावून सांगायला लागले होते. त्या बघता बघता कलंडल्या. तुमचा पाय ठेका धरत होता आणि मध्येच थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काढू का, असं विचारलंत डोळ्यांनी. मी तळहात उलटा करायचा होता, बस. सरांनी पाहुण्यांशी बोलता बोलताच हात वर केला, एक मिनिट थांबा म्हणून, आणि माझा हात वहीखालीच राहिला.

शेवटी तुम्हीच कोणाला न विचारता जाळं घातलंत. सर चिडले, "अरे बापू, मी काय म्हटलं?" तुम्ही ऐकलं नाहीत. खरंच ऐकू आलं नाही की ऐकलं नाहीत, कोण जाणे. मग तुम्ही कमरेपर्यंत ताज्या पाण्याच्या टाकीत उतरलात आणि एकेक मादी दोन्ही हातांवर धरून पुढे चालत राहिलात, तिच्या तोंडातून पाणी कल्ल्यांवर जावं म्हणून. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत. परत. मीही उतरले. दोन उठल्या. पाच नाही उठल्या. त्यातली शेवटची तुम्ही बराच वेळ सोडली नाहीत. मी म्हटलं, बापू, राहू द्या. ते तुम्हाला ऐकू आलं नाही.

ऑफिसमध्ये सरांनी विचारलं, "किती टोपणं टाकली?"

"एक, साहेब. रोजच्यासारखं."

"एका टोपणाने मासे मरतात का? रोज तेवढंच टाकतो ना आपण? दोन पडली असतील."

तुम्ही तुमच्या हाताकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, ओले कपडे अंगाला चिकटलेले. तुम्ही म्हणालात, "पडली असतील साहेब. वय झालं."

तेव्हापासून मी असं धरून चालले की तुम्हाला माहीत होतं. वास तुम्हाला आला होता. तुम्ही ओळखलं असणार आणि पोरीचं शिक्षण आहे, प्रोजेक्ट आहे, म्हणून स्वतःवर घेतलं असणार. या विचाराने मला रडू यायचं, आणि खरं सांगते, बरंही वाटायचं. तुम्ही माफ केलंय असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी बाटली धुतली. लेबल नखाने खरवडून काढलं. महिनाअखेरचा अहवाल सरांनी सांगितला आणि मी टाइप केला. कामगाराकडून मोजमापात चूक झाल्याने पाच माद्या दगावल्या, असं वाक्य. स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

तुम्हाला शेडमधून काढून तळ्याच्या बांधावर पाठवलं. पाणकावळे हाकलायला. एक पत्र्याचा डबा आणि काठी. लांबून तो डबा वाजायचा आणि मी खिडकीकडे पाठ करून बसायचे. तुमच्या जागी जो माणूस आला, त्याला कल्ल्यांचा ठेका कळत नव्हता. माझे मोठ्या माशांचे आकडे पुढे सरकेनात. एकदा मी मुद्दाम बांधावर आले, विचारायला की मादी किती वेळात कलंडली तर समजायचं औषध जड झालं. तुम्ही म्हणालात, "मले नको विचारू पोरी. मन्हं काही खरं नही." मला वाटलं, रागावलात. मला वाटलं, बरोबरच आहे.

एक प्रयत्न केला होता मी. जुलैमध्ये कडोदऱ्यापर्यंत एकाच शटल रिक्षात होतो आपण, मागच्या सीटवर, मध्ये तुमची डब्याची पिशवी. मी म्हटलं, "बापू, ती चूक माझी होती." शेजारून ट्रॅक्टर चालला होता. तुम्ही कानामागे हात नेलात. "काय म्हणनी?"

"काही नाही," मी म्हटलं. "गरम होतंय, म्हटलं."

"हा, गरम तर शे," तुम्ही म्हणालात, आणि पिशवी सरकवून मला कडेची जागा दिलीत.

ऑगस्टमध्ये सकाळी कामावर यायला निघताना तुम्ही जिन्यात बसलात आणि उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. आधीपासून होतं म्हणाले. मी तो शब्द बऱ्याच वेळा मनात म्हणून बघितला. आधीपासून.

तर मी मांडवात, चपलांजवळ. ते गृहस्थ जेवायला बसले. सर पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. माझा प्रोजेक्ट पुढच्या आठवड्यात त्यांच्या सहीसाठी जायचा होता. तुमच्या घरच्यांना भेटायचं आणि निघायचं, असं मी ठरवलं होतं.

तुमच्या पत्नी, माई, स्वतःच माझ्यापाशी आल्या. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. "तुम्हीच ना त्या मॅडम? ते सांगायचे, आमची मॅडम बोलत नाही पण मासा धरते भारी." आणि हसल्या, बापू. त्या दिवशी, त्या हसल्या.

मग माझा हात धरून भिंतीकडेच्या सतरंजीवर बसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारू का पोरी? त्यांचा हात, लोक म्हणतात तसा, खरंच कापायचा का गं तिथे? मला तर घरात कधी दिसला नाही."

मी सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

"ते झाल्यापासून रोज घरी आले की वाटी घ्यायचे," माई म्हणाल्या. "खोकल्याच्या औषधाचं रिकामं टोपण होतं. त्यानं पाणी ओतायचे वाटीत. एक ओतलं की मले विचारायचे, एकच पडनं ना? मी म्हणायची, एकच पडनं. परत ओतायचे. परत विचारायचे. मी चिडायची, अहो मला पोळ्या करू द्या. मग नातवाच्या औषधाला हात लावणं बंद केलं. स्वतःची बीपीची गोळीसुद्धा मला काढून द्यायला लावायचे. म्हणायचे, मन्हा हातवर मन्हाच भरोसा नही राहिना. पाच जीव गेले मन्हा हातनी."

म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं.

तुम्ही मला वाचवलं नव्हतं, बापू. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी बनवलंय म्हणजे औषध बरोबर असणार, आणि औषध बरोबर असेल तर चूक हाताची असणार. एवढा साधा हिशोब. तीन महिने तुम्ही तुमच्या त्या हाताला तपासत बसलात, ज्या हाताखाली मासा स्वतःला ओंडक्याशेजारी समजायचा. आणि मी तीन महिने तुमच्या मोठेपणावर माझं मन शांत करत होते. तुमचं ते "मन्हं काही खरं नही" मी राग समजले. तुम्ही खरंच सांगत होता.

माई माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी आधी हळूच सांगणार होते, फक्त त्यांना. तोंडही उघडलं. मग ते गृहस्थ दिसले, भात कालवत होते, आठ दिवसांत गावी परत जाऊन हीच गोष्ट सांगणार होते. पलीकडे सर मोबाइल बघत होते. माईंना एकटीला सांगून त्यांनी ते कोणाकोणाला सांगत फिरायचं?

मी उठून उभी राहिले. मांडवात भांड्यांचा, मुलांचा, पंख्याचा आवाज होता आणि मला त्याच्या वर जायचं होतं. पहिला शब्द फाटकाच आला. हसमुखभाईंनी वळून बघितलं, मग जेवणाऱ्यांनी, मग सरांनी. मी सरांकडे बघितलं नाही, माईंकडे बघितलं.

"माई, बापूंचा हात कापत नव्हता. त्यांनी एकच टोपण टाकलं होतं, मी स्वतः बघत होते. औषध मी दुप्पट कडक करून ठेवलं होतं आणि त्यांना सांगितलं नव्हतं. नंतर ती बाटलीही मीच धुतली. त्या माद्या माझ्यामुळे मेल्या."